नमुना चारशे बारा

औशाकडच्या कारखान्यात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात
काळ्या पडद्याआड असायचा पोलारीमीटर.
जर्मन पितळ. तीन पाय.
एका पायाखाली घडी घातलेली जुनी गेटपासची चिठ्ठी.

सोडियमचा दिवा लावला की आधी डाळिंबी,
मग पाचेक मिनिटांनी हळदीसारखा.
"तवर डोळे मिटून बस," मन्मथअप्पा म्हणायचे,
"उन्हातून आलेल्या डोळ्याला साखर कळत नसती."

शिशाची पूड टाकून निवळलेला, गाळलेला रस
वीतभर काचेच्या नळीत भरायचा;
बुडबुडा राहिलाच एखादा
तर नळी तिरपी करून त्याला फुगीर गळ्यात कोंडायचा,
आणि पाहायचं:
एक गोल, मधोमध चिरलेला,
एक फाक काळी, एक पिवळी.
चकती फिरवत जायची.
"उजेड हुडकू नको, बाळ.
दोन्हीकडं अंधार सारखा झाला की थांब."

सारखा अंधार.
मला तो सापडायला अख्खा हंगाम गेला.

फेब्रुवारीतली रात्रपाळी.
गाळप जोरात, टेबलावरच्या बाटल्यांची बुचं थरथरतायत,
खलीलमामा चहा आणायला गेलेले.
अप्पा पडद्याआड. नळीत काहीतरी
रसाहून फिकट,
मळीचा वास नसलेलं.
"ये, बघ. तुझा डोळा ताजा हाय."

मी पाहिलं. फिरवलं. थांबलो.
व्हर्नियरवर भिंग धरून वाचलं:
उजवीकडे, दोन अंश, वर पाच दशांश.
"कुठल्या गटातला ऊस, अप्पा?"
"घरचाच. लई गोड निघाला."

नोंदवहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं
नमुना ४१२. प्लॉट: घरचा.
शेरा: तोडणीस तयार.
मग नळी धुतली, तीनदा,
तिसऱ्यांदा तर कढत पाण्यानं.

चहा आला तेव्हा म्हणाले,
"खलील, उद्यापासून माझा बिनसाखरेचा."
मामा इतके हसले की किटली हिंदकळली.
मीही हसलो.

आता लातुरात, गांधी चौकातल्या लॅबमध्ये
पोरगी माझं बोट टोचते,
पट्टी यंत्रात घालते,
पाच सेकंदांत आकडा.
दिवा तापायची वाट नाही, पडदा नाही.
"काका, डोळा का मिटलात? दुखलं का?"

नाही, म्हणतो.
सवय आहे.