कारणाचा रकाना

ग्रिम्सबीतली मीटिंग चारलाच आटोपली.
उणे अठराचे आकडे जुळले, सह्या झाल्या,
हातमोजे काढले तरी
बोटं परकीच.

फोर्कलिफ्टवाला ट्रेव्हर म्हणाला, मेव्हणा तापलाय,
त्याचं तिकीट वाया जाईल.
वाया जाणं आम्हाला कधी सोसलंय?

इस्त्रीची पँट, खांद्याला लॅपटॉप.
गेटवरच्याने बॅग उघडली:
थर्मामीटर, थालीपिठाचा डबा.
वास घेऊन म्हणाला, जा.

आणि आत
दिवसभर मी मोजलेले मासे
हवा भरून, प्लॅस्टिकचे होऊन
लोकांच्या डोक्यांवर नाचत होते.

ऑफसाइड मला कळत नाही.
ट्रेव्हरने दोनदा सांगितलं, दोन्हीदा वेगळं.
खारं वारं थेट कानात.
ओळखीचंच; देवगडात एवढं गार नसतं, इतकंच.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला,
पलीकडच्यांचा.
आमची रांग गप्प.
आमची, म्हणाले मी,
सकाळी नकाशात शोधलेल्या गावाला.

शेवटची गाडी चुकली.
खर्चाच्या तक्त्यात एक रात्र जास्तीची,
शेजारी कारणाचा रकाना रिकामा.
लिहिलं:
मासे बघता बघता उशीर झाला.

खोटं नाही तसं.