फेस

बावीस वर्षं मी लाल गाडी चालवतोय.
कोमितानच्या गोदामातून पहाटे निघायचं,
धुकं कापत डोंगर चढायचा,
आणि नळ जिथे अजून पोचला नाही
तिथे सोड्याचे क्रेट पोचवायचे.
लग्नात मीच, बारशात मीच,
सान लोरेन्सोच्या जत्रेत तर मीच मी.
मेलेल्याच्या उशाशी माणसं एक बाटली ठेवतात,
तीही माझ्याच गाडीतून उतरलेली.

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं,
दिवसाला किती पिता?
म्हटलं, मोजत नाही बाई, पोचवतो फक्त.
त्या हसल्या नाहीत.
कागदावर एक आकडा लिहून त्याखाली रेघ मारली.
मी तो घडी घालून पावतीपुस्तकात खुपसला.

पावत्यांचा हिशेब एउलालिया ठेवते.

ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी मी घरी आलो
तर फ्रीजमधली माझी रांग गायब,
आणि पातेल्यात अंबाडीची सुकी बोंडं
उकळून उकळून लाल झालेली, माझ्या गाडीसारखी.
साखर?
नाही.
चिमूटभर?
तिनं पेला पुढं सरकवला.
माझं तोंड असं वाकडं झालं
की ओफेलिया पोट धरून हसली.
एउलालिया म्हणाली, उद्या कमी वाकडं होईल.

मग भोपळ्याच्या बिया.
मातीच्या तव्यावर त्या आधी गप्प असतात,
मग एक उडते,
मग सगळ्यांनाच कंठ फुटतो.
वर मीठ, वाटलेली लाल मिरची, अर्धं लिंबू.
लेकीनं पुड्या बांधल्या
माझ्याच जुन्या पावत्यांच्या:
चोवीस बाटल्या, दुकान दोन्या रेमेदियोस, उधार.
आता त्या उधारीत ऊन ऊन बिया.

खोटं कशाला बोलू,
गोडाची आठवण तीन आठवड्यांत मेली.
मेला नाही तो आवाज.
अकराच्या सुमाराला, घाटाच्या माथ्यावर,
इंजिन बंद करून
झाकण उडवलं की जो व्हायचा,
फस्स.
माझ्याशी दिवसभरात तेवढंच कोणी बोलायचं.

हे कोणाला सांगायचं असतं का?
एका रात्री सांगून बसलो.

एउलालिया उठली.
भाजलेला मका, भाजलेला कोको,
दालचिनीचा तुकडा, शेंदरीच्या बिया
अगोदरच दळून ठेवल्या होत्या तिनं डब्यात,
विटेच्या रंगाचं पीठ.
मडक्यातलं गार पाणी ओतलं,
लाकडी रवी दोन तळव्यांत धरली
आणि फिरवायला लागली,
हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकेपर्यंत,
कपाळावरची बट ओली होईपर्यंत.
फेस चढला. काठावर आला. थांबला.
तिनं पेला माझ्या ओठांना नाही,
कानाला लावला.
ऐक.

बारीक, अगदी बारीक,
हजार बुडबुडे एकेक करून फुटत होते.

आता घाटाच्या माथ्यावर
मी क्रेटवर बसतो, पाठीशी साडेतीनशे बाटल्या,
हातात एक जुनी, घासून लेबल काढलेली.
हलवतो, कानाला लावतो, मग पितो.
परवा कंपनीचा साहेब आला होता तपासणीला.
बाटलीकडे बघून म्हणाला,
अन्सेल्मो, हे कुठलं नवीन? मला यादीत दिसत नाही.
म्हटलं, साहेब, बाजारात अजून आलेलं नाही.
जाताना त्यानं मूठभर बिया मागून नेल्या.

कागदावरचा आकडा
अजून पुरता उतरलेला नाही.
उतरताना घाईही नको म्हणतात.
मीही उतार असाच उतरतो,
मागे काच किणकिणत असते
आणि पाय ब्रेकवर.