नोट सतरा

इतवारीत, भांड्यांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात
खापेकर शेअरवाले बसायचे.
त्यांच्याकडे मी सह्या जुळवल्या, एकोणीस वर्षं.
डिंक, रेव्हेन्यू स्टँप, परत आलेले फॉर्म,
खालून ठोकाठोकीचा आवाज,
आणि बाकड्यावर माणसं:
निमजे मास्तर, मोमीनपुऱ्याच्या सकीनाबी,
गिरणीतून सुटलेले हेडाऊ.
"काहून जी, डिव्हिडंड कुठं अडून राहिला?"
खापेकर आधी चिडायचे, मग फोन लावायचे.
दलाली घ्यायचे. कधी जरा जास्तच.
कोणी बायकोला न सांगता काय विकलं
हे त्यांना पाठ होतं, आणि तेही भांडवलच.
संत नव्हते.
पण शिवी द्यायला एक जिना होता,
चढून गेलं की वर माणूस सापडायचा.

सप्टेंबरात हिंगण्याला कंपनीची सभा.
आम्ही बसने जायचो,
पिशवीत चाळीस जणांच्या प्रॉक्सी.
स्टेजवर सात खुर्च्या, दाराशी कचोरीचे डबे.
लोक डब्याकडे सरकू लागले की हे उठायचे:
"पान शहाऐंशी, नोट सतरा.
अध्यक्षसाहेब, जावईबापूंच्या कंपनीला कर्ज दिलं,
ते कोणाला विचारून?"
धड उत्तर कधीच आलं नाही.
पण अध्यक्षांनी मध्येच थांबून पाणी प्यायलेलं
मी पाहिलंय,
ओळीने तीन वर्षं.

मग कागद गेला.
खापेकर त्याच्या आधी की नंतर, आता आठवत नाही.
मधला माणूस गेला, खर्च वाचला,
असं जावईबापू अहवालात लिहितात.
ते आता अध्यक्ष आहेत.

यंदाची सभा माझ्या फोनवर झाली,
त्रिमूर्तीनगरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये.
बोलायचं तर दहा दिवस आधी नाव द्या.
दिलं. मिनिटं दोन.
"पान," एवढं म्हणाले,
तर तिकडून, "मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये."
ठराव मंजूर. नव्याण्णव पूर्णांक बासष्ट टक्के.
उरलेल्या पाव-अर्ध्या टक्क्यात
कोण कोण बसलंय, ओळखीचं कोणी आहे का,
स्क्रीनवर दिसत नाही.

परवा सकीनाबींचा नातू आला.
आजीचे दोनशे शेअर अडकलेत.
"कोणाकडे जाऊ, मावशी?"
मी म्हटलं, मराठीसाठी तीन दाब.
त्याने दाबलं.
पलीकडे सनई वाजू लागली.
फोन स्पीकरवर ठेवून आम्ही बसून राहिलो.
तेवढ्यात मी चष्मा लावून
अहवाल उघडला.
कर्ज आहेच.
आता ती नोट एकतीस झालीय.