तीस सेकंद

पायऱ्या संपतात तिथे पाटी: स्त्रियांना आत प्रवेश नाही.
रंग यंदाच दिलाय, अक्षरं टवटवीत.
मी ट्रायपॉड अलीकडेच रोवते,
देवाकडे पाठ करून.
देवाला दिसतं तेच मला हवंय:
सिंहगडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा,
जनता वसाहतीचे पत्रे,
कालव्याची वाकडी रेघ.

गेल्या प्रदर्शनात खाली लिहिलं होतं:
निर्मनुष्य टेकडी, पहाट.
बक्षिसाच्या पाकिटावर माझ्या नावाआधी 'श्री.'
चेक वटला, म्हणून मी गप्प.

शटर तीस सेकंद उघडं ठेवलं
की हलणारं माणूस फोटोत उरत नाही.
केराबाई रोज एकशे बारा पायऱ्या झाडते,
वरची एक सोडून. ती पुजारी झाडतो.
माझ्या सगळ्या पहाटांत ती होती
आणि कुठेच नाही.
पायऱ्या मात्र लख्ख.

आज म्हटलं, बाई, जरा थांबता?
"फोटू? मग पदर तरी नीट करू दे."
हलू नका फक्त.
"आन् केर?"
खराटा तिने कठड्याला टेकवला
आणि माझ्याकडे न बघता
माझ्या मागे, वर, दाराकडे बघत राहिली.
मी मोजत होते.
अकराला तिला शिंक आली.

सिंहगड आलाय, कालवा आलाय,
मधोमध एक बाई,
चेहऱ्याच्या जागी दोन चेहरे, दोन्ही पुसट.
खराट्याची काडी न् काडी स्पष्ट.

'निर्मनुष्य' खोडलंय.
पुढे काय लिहू, ते उद्या तिलाच विचारते,
तोवर वरच्या पायरीवर पानं साठलीत.