शेरा

पाटी अजून नवी आहे. निळ्यावर बारा तारे,
खाली रक्कम, मुदत, ठेकेदाराचं नाव.
पाटीचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे;
कामातली तेवढी एकच गोष्ट टिकाऊ.

मी बुखारेस्टहून आले, पाच तास गाडी हाकत,
सोबत एक तक्ता. बत्तीस रकाने.
काम वेळेत झालं? झालं.
तीन दरपत्रकं मागवली? मागवली.
सर्वांत कमी बोलीला दिलं? अर्थात.
इथवर गाडीतच भरलं, पेन न उचलता.

मग हर्मिने किल्ली घेऊन आली,
वीतभराहून लांब, काळी,
आणि चर्चच्या तटाचं दार खांद्यानं ढकललं.

भिंतीला घाम फुटला होता.
जुलैत, भर दुपारी.
पुरुषभर उंचीपर्यंत करडं सिमेंट,
आणि सिमेंट जिथं संपतं तिथून वर
पाचशे वर्षांचा दगड पिठासारखा गळत होता.
"भिंतींना कान असतात म्हणतात," ती म्हणाली,
"नाक असतं.
ते यांनी दाबून धरलंय."

गाव्रिला भट्टीवाला हात मागे बांधून उभा.
त्याचा बाप चुना भाजायचा, बापाचा बापही.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
चुना खड्ड्यात विझत घालायचा,
वर वाळू, वर माती,
आणि तीन हिवाळे विसरून जायचं.
निविदेची मुदत अठरा महिने,
त्यातले दोन फीत कापणाऱ्याची तारीख मिळायला.
म्हणजे चुना लावलाच नाही
आणि तरी गावाला चुना लागला.
तो हसला नाही. मीच हसले, मग गप्प झाले.

रकाना चौदा: केलेलं काम, गरज पडल्यास, उलटवता येईल का?
गाव्रिलानं खिशातला खिळा काढून खरवडलं.
सिमेंट निघालं.
सोबत दगडाचा गालही.
मी "अंशतः" लिहिलं. मग खोडलं.

रकाना एकोणीस: स्थानिकांना विश्वासात घेतलं का?
जोडपत्र तीन, बारा सह्या.
हर्मिनेनं चष्मा लावला, नावांवरून बोट फिरवलं:
हा नव्वद साली जर्मनीला गेला,
ही त्याच्या आदल्या वर्षी,
हा तिथं, नासपतीखाली, दुसऱ्या रांगेत.
"आणि हे अक्षर माझं नाही."

मग ती मला बुरुजात घेऊन गेली.
तुळयांना आकड्यांच्या ओळी, बहुतेक रिकामे.
इथं प्रत्येक घराचं खारवलेलं डुकराचं मांस टांगायचं.
रविवारी घंटा झाली की घरटी एक जण यायचा,
आठवड्यापुरतं कापायचा
आणि कापलेल्या कडेवर घराचा शिक्का मारायचा.
मधे कुणी सुरी लावली तर शिक्काच सांगायचा.
"चोरी व्हायची?"
"एकदा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.
त्या घराशी नंतर कुणी सोयरीक केली नाही."

दोन तुकडे उरलेत, दोन्ही तिचेच.
रविवार नव्हता, तरी तिनं मला एक पाती कापून दिली,
आणि एप्रनमधून लाकडी ठसा काढून
नव्या कडेवर दाबला.
कुणापासून जपायला, ते मी विचारलं नाही.

शेरा: तीन ओळींची जागा.
मी लिहिलं, भिंत ओली आहे. काम वेळेत झालं,
हीच तक्रार आहे. गाव्रिला नावाच्या माणसाला
आणि तिथं ओळी संपल्या.

फाटकाशी त्यानं मला थांबवलं.
गोठ्यामागे खड्डा आहे म्हणाला, दोन हिवाळे झालेत.
कुणी सांगितलं म्हणून नाही, असाच भरून ठेवला.
"भिंत किती हात?"
मला मीटरमध्ये पाठ होतं.
ते त्यानं बोटांवर हातांत मोजून घेतलं,
ओठ हलवत,
आणि एकदा चुकून पुन्हा पहिल्यापासून.