खडे

एल्मायरात जानेवारीत भट्टी बंद पडली
तेव्हा लाइल हुदाचेक आला,
सत्तरीचा, गुडघे कुरकुरणारे, टोपीवर तेलाचे डाग.
तळघरात उतरला, टॉर्च दातांत धरला
आणि टेकण्याआधी
फरशीवरून तळहात फिरवून
एक खडा उचलून खिशात टाकला.
"सवय," म्हणाला.

मग स्क्रू सोडवता सोडवता, तुकड्यातुकड्यांनी:
शॉर्टस्टॉप होता तो.
दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये
कंबरेत वाकून उभं राहायचं, नऊ वर्षं.
यूटिका, विल्यमस्पोर्ट, पुन्हा यूटिका.
बसमध्ये नेमकी चाकावरची सीट,
मांडीवर पाव आणि पीनट बटर,
हिवाळ्यात सासऱ्याच्या दुकानातले बॉयलर.

जमिनीवरून येणारा चेंडू सरळ असतो,
वाटेत खडा लागेपर्यंत.
मग तो उसळतो, दातांवर येतो, निसटतो,
आणि वहीत चूक खड्याच्या नावावर
कुणी लिहीत नाही.
म्हणून दर डावाआधी आपल्यापुढची माती
तांदूळ निवडावेत तशी निवडायची.
(तांदूळ माझे. तो नुसतं "खडे" म्हणाला.)

चौऱ्याहत्तरचा सप्टेंबर. वर कुणाचा तरी घोटा मुरगळला
आणि मोठ्या संघाचा फोन आला.
डोरीननं भावाचा कोट उसना आणला,
बाह्या आखूड.
अकरा दिवस.
चौदा वेळा बॅट हातात, दोन फटके.
एकदा तिसऱ्या बेसपर्यंत पोचला.
तिथून घर नव्वद फूट.
त्यांच्यात माणूस घरी पोचला तरच धाव.
दोघे बाद होते. तिसऱ्यानं
उंच, आळशी झेल दिला
आणि सगळे आपापले हातमोजे घ्यायला वळले.

लाइल बेसवरच.
"पाय रुतले नव्हते," म्हणाला, "पण हलेनात."

बाराव्या दिवशी तो घोटा बरा झाला.

वाईट वाटतं का, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
त्यानं उजवी अनामिका दाखवली,
दोनदा मोडलेली, बाकीच्या बोटांना सोडून
भलतीकडेच निघालेली.
"थंडी पडली की हिला वाटतं,"
म्हणाला, आणि पाना मागितला.

भट्टीनं खाकरून ज्योत धरली.
बिलावर लिहिलं: एक थर्मोकपल, एक तास.
घड्याळात दीड झाला होता.
बोलण्याचे पैसे लावत नाही, म्हणाला.

बाहेर बर्फावर मी सकाळीच
मीठ आणि खडी पसरली होती, पोतंभर.
ट्रकच्या अलीकडे तो थबकला, वाकला.
मला वाटलं, झालं, आता हा
सगळं अंगण निवडत बसणार.

बुटाची नाडी बांधली त्यानं
आणि गेला.
माझ्या तळघरातला एक खडा घेऊन.