तिसरा मजला, भुसावळ

करारात लिहिलंय: भिंती शेठच्या, मीटर माझं.
मधे जे तापतं ते कुणाचं,
त्याला कलम नाही.

तपासणीला आलेल्या नेहेतेबाई
तापमानाची बंदूक छताला रोखतात.
तांबडा आकडा: बावन्न.
पश्चिमेची काच, दाराची फट, दोन कूलर
खरडत जातात मुकाट.
टेबलावर मी केलेले मेणाचे दात
सकाळपासून वाकडे हसताहेत.

"नियमात बसायचं तर छताला
पांढरा रंग तरी द्या."
झोपेशेठ म्हणतात, "बिल हा भरतो ना भो,
मला कुठं गरम होतंय?"

सहीपुरते बसले मग, खिडकीजवळ.
शाईच्या पेनाचं टोपण निघेना. दुपारचे तीन.
घाम टपकला नेमका 'मालक' शब्दावर,
आणि शाई सरकत गेली
भाडेकरूच्या रकान्याकडे.